रवी कोल्ट्रेन ऐकायला कुठून सुरुवात करावी?

सूरशोध: जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन बऱ्यापैकी ऐकून झालाय, आता त्याच्या मुलाकडे, रवीकडे वळायचंय. पण रवीही टेनर आणि सोप्रानो सॅक्सोफोनच वाजवतो, त्यामुळे कान सारखी तुलना करत बसतात. कोणता अल्बम आधी घ्यावा? आणि स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम थेट 1998 मध्ये, तिशी उलटल्यावर, असं का?

टेनरप्रेमी: त्या उशिरातच त्याचं शहाणपण आहे. जन्म 6 ऑगस्ट 1965, आणि जॉन गेले 17 जुलै 1967 ला. म्हणजे दोन वर्षांचाही नव्हता. आपल्याकडे घराण्यातला मुलगा बापामागे तानपुरा धरून बसतो, तशी तालीम मिळायचा प्रश्नच नव्हता. घरात कानावर पडलं ते आईचं, अ‍ॅलिस कोल्ट्रेन यांचं: पियानो, ऑर्गन, हार्प. (नाव पं. रविशंकरांवरून ठेवलेलं.) शाळेत क्लॅरिनेट वाजवायचा. सॅक्सोफोनचा कसून अभ्यास सुरू झाला 1986 पासून, कॅलआर्ट्स या कॅलिफोर्नियातल्या कलासंस्थेत.

1991 मध्ये एल्विन जोन्सनी त्याला बँडमध्ये घेतलं. हे जॉनच्या चौकडीचे ड्रमर, म्हणजे आडनावाचं ओझं तिथे सगळ्यात जास्त. त्यानंतर सॅक्सोफोनवादक स्टीव्ह कोलमनची संगत लाभली आणि लयीचा विचार पार बदलला. 1998 च्या त्या पहिल्या अल्बमचा, 'मूव्हिंग पिक्चर्स'चा निर्माताही कोलमनच. या नावावर आधीच अल्बम काढला असता तर खपलाही असता, पण वाजवण्यात स्वतःचं काय दिसलं असतं? इतरांच्या बँडमधली ही वर्षं मला फार मोलाची वाटतात.

रेकॉर्डखण: सुरुवात 'स्पिरिट फिक्शन' (ब्लू नोट, 2012) पासून करा. त्यात दोन बँड आहेत. एक लुईस पर्दोमो, ड्रू ग्रेस आणि ई. जे. स्ट्रिकलंड यांच्यासोबतची जुनी चौकडी. दुसरा राल्फ अलेसी, जेरी अ‍ॅलन वगैरे 'फ्रॉम द राउंड बॉक्स' (2000) मधली मंडळी. एकट्या सॅक्सोफोनवर कान लावू नका, चौघं एकमेकांना जागा कशी देतात ते ऐका. तुलना आपोआप सुटते.

मग 'इन फ्लक्स' (2005). 'इन मूव्हमेंट' (2016) शेवटी ठेवा: ड्रमवर जॅक डिजॉनेट, बासवर मॅथ्यू गॅरिसन, म्हणजे जॉनच्या बासवादकाचा मुलगा. पहिलीच रचना जॉनची 'अलाबामा'. 'रशीद'मध्ये रवी सोप्रानिनो (सोप्रानोहून लहान सॅक्सोफोन) घेतो, नुसत्या ड्रमसोबत. आईचा 'ट्रान्सलिनियर लाइट' (2004) ही चुकवू नका; निर्मिती रवीची.

टेनरप्रेमी: यात 'मॅड 6' (2003) घाला. त्यात जॉनची '26-2' आहे. जॉनचं 1960 चं ध्वनिमुद्रण आणि हे, पाठोपाठ ऐका. रचना सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या 'कन्फर्मेशन'वर बेतलेली. मुखड्यात आधाराचा सूर (सा) पांढरी चार, काळी एक, पांढरी सहा असा फिरतो. यातल्या लगतच्या दोन आधारसुरांत सा ते शुद्ध ग एवढं अंतर.

वाजवणाऱ्यांसाठी: कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) दर दोन मात्रांना बदलते, म्हणून नवशिके प्रत्येक कॉर्डवर, तिचा मूळ सूर सा धरून, 'सा रे ग प' ठोकतात. ती जॉनची सवय, आणि नेमकी तिथेच नक्कल होते. आधी मेट्रोनोम 60 वर ठेवून प्रत्येक कॉर्डचा फक्त ग आणि नी धरा, मग दोन मात्रांची विश्रांती घालून वाक्य कॉर्डच्या मध्येच सुरू करा. सम सोडून उठण्याची ही सवय लागली की 'सा रे ग प' वाजवायला जागाच उरत नाही.