मदत हवी आहे: 'साइक्स' आडनावाचं मूळ आणि पुण्यातली १८६८ ची एक नोंद

माळरान

दख्खनच्या माळावर दिसणाऱ्या साइक्सच्या चंडोलावर टिपण लिहितोय. कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांच्यापासून सुरुवात केली आणि आडनावातच अडकलो. हे १८२४ पासून मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९२८ ते १९३३, मुंबईचे गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स. बंगालमध्ये क्लाइव्हच्या काळात फ्रान्सिस साइक्स. आणि मध्यपूर्वेची वाटणी ठरवणाऱ्या १९१६ च्या साइक्स-पिको करारातले मार्क साइक्स.

हे सगळे एकाच घराण्यातले का? आणि आडनावाचा अर्थ काय?

तिसरा प्रश्न खरा अडचणीचा. ओळखीच्या एका अँग्लो-इंडियन कुटुंबाकडे पुण्यातल्या चर्चचा १८६८ चा बाप्तिस्म्याचा दाखला आहे. त्यात आडनाव 'वाय'ऐवजी 'आय'नं लिहिलंय, वडील जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत इंजिन ड्रायव्हर, आणि इंग्लंडमधल्या गावाचा उल्लेख नाही. एका वंशावळीच्या साइटनं त्यांना थेट उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायरमधल्या स्लेडमीरच्या बॅरोनेटांशी, म्हणजे वंशपरंपरागत किताब असलेल्या साइक्स घराण्याशी, जोडून दिलंय. कुटुंब खूश आहे, मला मात्र ते पटत नाही. पुढे कसं जावं?

दप्तरी

न पटणंच बरोबर आहे. ती जोडणी आधी बाजूला ठेवा.

अर्थ सोपा आहे. जुन्या इंग्रजीत 'सीक' म्हणजे पाणथळ जागेतून जाणारा बारका ओहोळ किंवा शेतांच्या हद्दीवरचा चर. दक्षिणेकडे आणि मध्य इंग्लंडात याच शब्दाचं 'सिच' झालं, उत्तरेत 'क' टिकला आणि 'साइक' झालं. म्हणूनच 'सिच' हे वेगळं आडनावही आहे. आपल्याकडचं 'ओहोळ' हे आडनाव याचं सख्खं भावंड म्हणायला हरकत नाही. मध्ययुगीन कागदांत आधी 'डेल साइक' असं येतं, म्हणजे 'ओहोळाकाठचा'. पुढे 'डेल' गळतं आणि शेवटी 'स' चिकटतो.

अडचण अशी की यॉर्कशायरच्या डोंगरउतारावर ओहोळ पावलापावलाला. तेव्हा हे आडनाव दहा ठिकाणी स्वतंत्रपणे पडलं असेल, असंच कुणालाही वाटेल. दाट वस्ती मात्र एकाच पट्ट्यात दिसते: वेस्ट रायडिंगमध्ये, म्हणजे यॉर्कशायरच्या पश्चिम भागात, हडर्सफील्डच्या वर, कोल्न नदीच्या खोऱ्यात, स्लेथवेटच्या आसपास. (लिहितात स्लेथवेट, स्थानिक लोक म्हणतात 'स्लॅविट'. नोंदणाऱ्यानं कानावर पडलं तसं लिहिलं असेल, तर गावाचं नावही ओळखू येत नाही.)

मोठ्या नावांबद्दल. कर्नल साइक्स ब्रॅडफर्डजवळचे. फ्रान्सिस साइक्स ड्यूजबरीजवळच्या थॉर्नहिलचे. बंगालमध्ये पैसा करून १७७१ मध्ये बर्कशायरमधली बॅसिल्डनची इस्टेट घेतली, १७८१ मध्ये बॅरोनेट झाले. स्लेडमीरचे लोक लीड्सच्या कापडव्यापारातून 'हल' या बंदरात गेले, तिथं बाल्टिकच्या व्यापारात वाढले आणि पुढे यॉर्कशायरच्या पूर्व भागात, ईस्ट रायडिंगमध्ये, जमीनदार झाले. मार्क साइक्स या शाखेचे. यांची बॅरोनेटकी १७८३ ची, म्हणजे बॅसिल्डनची वेगळी आणि ही वेगळी. गव्हर्नर फ्रेडरिक साइक्स तर लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनमध्ये जन्मलेले. आडनाव सारखं म्हणून यांच्यात रेघ ओढता येत नाही. प्रत्येकाचा कागद वेगळा लावायचा.

(गव्हर्नर साइक्स रजेवर होते म्हणून २२ जुलै १९३१ ला फर्ग्युसनमध्ये वासुदेव बळवंत गोगट्यांच्या गोळ्या हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर झाडल्या गेल्या. विषयांतर झालं, पण पुणेकरांना हे नाव आठवतं ते असं.)

माळरान

पण डीएनएनं सगळे साइक्स एकाच पुरुषाचे वंशज ठरलेत ना?

पाचवी_पिढी

इतकं सरळ नाही. ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी २००० साली आपल्याच आडनावावर तो अभ्यास केला. यॉर्कशायर, लँकेशायर आणि चेशायरमधले ४८ साइक्स पुरुष, आणि फक्त बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावरच्या ४ खुणा. ४३.८ टक्के पुरुषांत एकच नमुना निघाला. त्यांचा निष्कर्ष असा की मूळ पुरुष एकच असावा. बाकीच्यांचा नमुना दत्तक, आईचं आडनाव लावणं, अनौरस संतती अशा कारणांनी तुटला, आणि हे प्रमाण पिढीमागे सुमारे १.३ टक्के पडतं. दर पिढीला किरकोळ दिसतं, पण सातशे वर्षांत साचत जातं.

मात्र ४ खुणा म्हणजे फार मोठ्या भोकांची चाळणी. आज ३७ खुणांची चाचणी प्राथमिक समजतात, १११ बरी. तुमच्या ओळखीच्या कुटुंबात अखंड पुरुषवंशातला, म्हणजे बाप-मुलगा-नातू असा, हयात पुरुष असेल तरच वाय चाचणीचा उपयोग. मधे एका मुलीकडून आडनाव आलं असेल तर निकाल दुसऱ्याच घराण्याचा येतो. सगळीकडे विकतात ती साधी चाचणी इथं कामाची नाही: दर पिढीला वाटा निम्मा होतो, खापरपणज्याचा उरतो सरासरी सव्वासहा टक्के, आणि तो कोणत्या गावचा हे त्यातून कळत नाही.

आधी कागद, मग डीएनएसाठी थुंकी.

दप्तरी

आता तिसरा प्रश्न. इंग्लंडकडे आत्ताच वळू नका, आधी भारतातले कागद संपवा.

पुण्यातल्या चर्चनं वर्षाकाठी नोंदींची नक्कल मुंबईच्या बिशपकडे आणि तिथून लंडनला पाठवली. त्या नकला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत: बंगाल 'एन/१', मद्रास 'एन/२', मुंबई 'एन/३'. फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या साइटवर प्रतिमा मिळतात, पैसे भरून. फॅमिलीसर्च या दुसऱ्या साइटवर फुकट खातं उघडून सूची चाळता येते, आणि 'फिबिस' या ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांच्या संस्थेची फुकट सूचीही आहे. सूचीवर थांबू नका, प्रतिमा बघाच.

बाप्तिस्म्यावरून आजोबा सापडत नाहीत. तिथं आईबापांची नावं, धंदा आणि राहण्याचं ठिकाण एवढंच. तुम्हाला हवी लग्नाची नोंद, कारण १८५० नंतरच्या नमुन्यात बहुधा नवऱ्याच्या आणि नवरीच्या वडिलांची नावं असतात. १८६८ पासून दहा वर्षं मागे जात शोधा. मग दफनाची नोंद: त्यात वय असतं, त्यावरून जन्मवर्ष काढा, दोन वर्षं इकडेतिकडे धरून. ड्रायव्हर कंपनीशी करार करून विलायतेतून आला असेल तर रेल्वे कंपन्यांच्या 'एल/एजी/४६' या मालिकेत बघा.

लग्न इथं सापडलंच नाही, तर ते इंग्लंडमध्ये होऊन बायकोसह आला असेल. तसंही बरंच.

शोधताना स्पेलिंगचं भांडण सोडून द्या. 'आय' आणि 'वाय' हा लिहिणाऱ्याच्या हाताचा फरक आहे, घराण्याचा नाही. दुसऱ्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकून शोधा, शेवटचा 'एस' असून आणि नसून दोन्ही बघा. सूची करणारे वळणदार 'एस'ला 'एल' वाचतात, म्हणून 'लाइक्स'; कधी 'डाइक्स'ही, आणि डाइक्स हे खरंच वेगळं आडनाव असल्यानं चूक लक्षात येत नाही.

माळरान

लग्न सापडलं! १८६४, मुंबईत. नवऱ्याचं नाव जॉन, वय २६, वडिलांचं नाव जोसेफ, धंदा 'क्लोदियर'. म्हणजे कापडाचे मोठे व्यापारी? मग स्लेडमीर खरं असेल का?

दप्तरी

नाही, उलट. वेस्ट रायडिंगमध्ये 'क्लोदियर' म्हणजे घरच्या घरी माग चालवून स्वतःच्या लोकरीचं कापड विणणारा आणि ठाण बाजारात नेऊन विकणारा छोटा कारागीर. सोबत गाय, थोडं गवत. बॅरोनेट व्हायला हा मार्ग नव्हे. पण कोल्न खोऱ्याकडे बोट दाखवणारा हा चांगला धागा आहे.

१८६४ ला २६, म्हणजे जन्म १८३७–३८. नशीब बरं: इंग्लंडमधली सरकारी जन्मनोंद १ जुलै १८३७ ला सुरू झाली. जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत आईचं माहेरचं आडनावही येतं. सुरुवातीच्या वर्षांत नोंदी निसटायच्या, त्यामुळे नाही सापडलं तर जन्मच नाही असं समजू नका. मग १८५१ ची जनगणना: मुलगा १३ च्या आसपास, बाप जोसेफ, आणि जन्मगावाचा रकाना. १८४१ च्या जनगणनेत गाव नसतं, फक्त याच परगण्यातला की नाही एवढं, आणि १५ वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली असतात.

पाचवी_पिढी

इथं बहुतेक लोक फसतात म्हणून सांगतो. स्लेथवेटकडे एकाच वर्षी जोसेफ साइक्सचा मुलगा जॉन, असे दोन-तीन तरी सापडतील. तिथं आडनावाला अर्थच उरला नव्हता. माणसं 'बिलच्या टॉमचा जॉन' अशी ओळखली जायची, आपल्याकडे 'वरच्या आळीचा रामा' म्हणतात तसं. पहिला जुळणारा जॉन उचलू नका. प्रत्येक उमेदवाराची वेगळी चिठ्ठी करा आणि तो १८६१ च्या जनगणनेत इंग्लंडमध्येच दिसतो का, लहानपणीच वारला का, ते पाहून एकेक बाद करा. उरेल तो तुमचा. दोन उरले तर दोन म्हणून लिहा.

बाप्तिस्मा सरकारी चर्चमध्ये नसेल तर मेथडिस्ट, बॅप्टिस्ट आणि काँग्रेगेशनल चॅपलांच्या वह्या बघा. १८३७ च्या आधीच्या बऱ्याच नॅशनल आर्काइव्ह्जच्या 'आरजी ४' मालिकेत आहेत. त्याहून मागे १५३८ पर्यंत चर्चच्या नोंदी जाऊ शकतात, पण १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदलायचं. 'फेब्रुवारी १७२०' असं वाचलंत तर आपल्या हिशेबानं ते १७२१. हे विसरल्यानं लग्नाआधी मूल झालेली कित्येक सालस जोडपी नेटवरच्या वंशावळींत सापडतात.

माळरान

दोघांचेही आभार. १८५१ च्या जनगणनेत तीन उमेदवार मिळालेत: दोन स्लेथवेट, एक गोल्कर. गोल्करचा १८६१ मध्येही तिथंच विणकर म्हणून दिसतो, तो बाद केला. उरलेल्या दोघांचे जन्मदाखले मागवतोय. स्लेडमीरची फांदी साइटवरून काढून टाकायला कुटुंबाला सांगितलंय, ते अजून राजी नाहीत.

दप्तरी

काढू नका म्हणत असतील तर निदान तिच्याखाली 'पुरावा नाही' असं लिहायला सांगा, नाहीतर सहा महिन्यांत दहा जण ती उतरवून घेतील. आणि दाखला मागवताना संदर्भातली तिमाही, जिल्हा, खंड आणि पान हे चारही भरा. हडर्सफील्ड जिल्ह्यात त्या नावाचे एकाच तिमाहीत दोन असू शकतात.