मदत हवी आहे: ग्राउटिंगनंतर व्हेंटमध्ये ग्राउट खाली बसलंय, पॉकेटला तडे गेलेत, हे चालतं का?

नमस्कार मंडळी. पुण्याजवळ एका उड्डाणपुलाच्या साइटवर ज्युनियर इंजिनिअर आहे, पोस्ट टेन्शनिंगचं (काँक्रीटच्या गर्डरमधून स्टीलच्या केबल ओवून ताणायचं) काम पहिल्यांदाच बघतेय. ३० मीटरचे गर्डर, प्रत्येकात ४ केबल, केबलमध्ये १२ स्ट्रँड (तारांचे पीळ). शनिवारी दोन गर्डरचं ग्राउटिंग झालं, म्हणजे केबलभोवतीच्या नळीत सिमेंट-पाण्याचं मिश्रण भरलं, एका टोकाने पंप लावला, दुसऱ्या टोकाला व्हेंटमधून (हवा बाहेर काढायच्या तोंडातून) घट्ट ग्राउट यायला लागल्यावर तो व्हेंट बंद केला, ५ किलो प्रेशर मिनिटभर धरलं, सगळं नेहमीसारखं. रविवारी सकाळी व्हेंट उघडले तर काहींत ग्राउट बोटभर खाली गेलेलं आणि वर पाणी. शिवाय आधीच्या गर्डरच्या अँकर पॉकेट (केबलची टोकं जिथे अडकवतात ते खाचे) भरल्या होत्या त्यांना कडेने केसासारखे तडे दिसतायत.

एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. दुपारी ऊन कडक होतं, पंप अडकायला लागला तेव्हा मिक्सरवरच्या मुलाने वरून पाणी ओतलं. पोत्याला २२ लिटर ठरलेलं म्हणजे पाणी-सिमेंट प्रमाण ०.४४, शेवटच्या बॅचेसना २५ तरी गेलं असेल. मी तिथेच उभी होते आणि काही बोलले नाही.

फोरमन म्हणतात, मॅडम श्रिंकेज (सुकून आकसणं) आहे, थोडं बसतंच, गुरुवारी पॉकेट भरून टाकू. एकदा भरलं की आतलं कुणालाच दिसणार नाही. मी सिंधुदुर्गातली, १९८६ ला गोव्यात मांडवीवरचा पूल पडला, केबल गंजल्याचं कारण पुढे आलं, नंतर लोकांना फेरीबोटीने जावं लागायचं, हे ऐकतच मोठी झालेय. म्हणून विचारतेय, हे खरंच श्रिंकेज आहे का, आणि गुरुवारच्या आत मी नक्की काय तपासू?

प्रतिसाद:
ताई, गुरुवारचं काम आधी थांबवा, मग बोलू. तुमच्याकडे दोन वेगळे प्रकार आहेत. पॉकेटचे तडे म्हणजे उघड्यावरचं मॉर्टर सुकून आकसलंय, जुनं काँक्रीट खरवडलं नसेल आणि ओली गोणपाटं टाकली नसतील तर हे होणारच. तडा गेलेलं काढा, नॉन-श्रिंक मटेरियलने परत भरा, नीट क्युअरिंग करा आणि वरून इपॉक्सी कोट द्या.

व्हेंटमधलं मात्र सुकून आकसणं नाही, शिथिंग (केबलभोवतीची नळी) बंद असते, तिथलं पाणी उडून जाणार कुठे? ते ब्लीडिंग आहे. सिमेंट खाली बसतं, पाणी वर येतं, त्यात स्ट्रँडच्या सात तारांमधल्या फटींतून ते दिव्याच्या वातीसारखं चढतं. तुमच्या गर्डरमध्ये केबल मधे खाली आणि टोकाला वर, म्हणजे पाणी गोळा होणार ते बरोबर अँकरेजच्या मागे. पुढे ते पाणी ग्राउट परत शोषून घेतं आणि तिथे पोकळी राहते, स्ट्रँड उघडी पडते. फ्लोरिडात नाइल्स चॅनल पुलावर १९९९ ला आणि मिड-बे पुलावर २००० ला केबल गंजून तुटल्या त्या अशाच पोकळ्यांपायी.

प्रत्येक व्हेंटमधून पातळ तार घालून किती आत जाते ते लिहून ठेवा, फोटो काढा. तार गेली तिथे बोरोस्कोप (आत घालून बघायचा बारीक कॅमेरा) लावा. ड्रिल मारायचं नाही, स्ट्रँड ताणलेल्या आहेत. पोकळी निघाली तर व्हॅक्यूम लावून भरून घ्या, किती लिटर गेलं ते मोजा. पुढच्या गर्डरआधी मीटरभर उंच पारदर्शक पाइपात एक स्ट्रँड उभी करून तोच ग्राउट भरा आणि ३ तासांनी वर पाणी किती आलं बघा, युरोपीय मानकात ०.३ टक्क्याच्या वर चालत नाही. आणि ग्राउटिंग पहाटे करा, पाणी थंड वापरा, म्हणजे कुणाला वरून ओतावंसं वाटणार नाही.

मूळ धागाकर्ती:
खूप आभार दादा. आज तार घातली. १६ पैकी १३ व्हेंट ठीक आहेत, ३ मध्ये तार वीतभर आत गेली आणि ते तिन्ही शेवटच्या बॅचेसचे आहेत. जास्तीच्या पाण्याचं सगळं लिहून फोटोसकट कन्सल्टंटना मेल केलाय, उद्या ते स्वतः येतायत. बोरोस्कोप पुण्यात भाड्याने कुठे मिळतो कुणाला माहीत आहे का?