कारपोर्टच्या खांबांचा पाया: 42 इंच खोल नेला की झालं?

गारठलेला:
अमेरिकेत मिनियापोलिसजवळ घराच्या बाजूला 12 बाय 20 फुटांचा लाकडी कारपोर्ट, म्हणजे गाडीसाठी उघडी शेड, घालायचाय. 6 बाय 6 इंचांचे सहा खांब, तीन-तीनच्या दोन रांगा, घराला कुठेही जोड नाही. माती चिकण, त्यात बराच बारीक पोयटा. पुण्याकडे असल्या शेडला दोन फूट खड्डा, सोलिंग (दगडांचा थर) आणि वर पीसीसी (बिनसळयांचं काँक्रीट) एवढ्यावर भागतं. इथे हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते म्हणून 42 इंच सांगतात. 12 इंची पुठ्ठ्याची नळी उभी करून काँक्रीट भरलं तर चालेल ना? काँक्रीटच्या कोरड्या मिश्रणाची पोती किती लागतील?

ओळंबा:
मिनेसोटा राज्याच्या दक्षिण भागाला, म्हणजे तुम्हाला, 42 आणि उत्तरेला 60 इंच. माप जमिनीपासून काँक्रीटच्या तळापर्यंत. खाली खडी पसरलीत तर ती त्यात धरायची नाही.

नुसती 12 इंची नळी मात्र पुरणार नाही. मधल्या खांबाच्या वाट्याला 10 बाय 6, म्हणजे 60 चौरस फूट छप्पर येतं. चौरस फुटाला बर्फाचे 50 आणि छपराचे 10 पौंड धरा: 3600 पौंड. चिकणमाती चौरस फुटाला 1500 पौंड झेलते असं इथला बांधकामाचा कोड (नियमावली) धरतो. म्हणजे तळ 2.4 चौरस फूट हवा, तुमच्या नळीचा भरतो जेमतेम 0.78. कोपऱ्यांवर भार निम्मा, तरी 15 इंच व्यास लागतोच. वेगवेगळी मापं करण्यापेक्षा सगळ्यांना 24 इंची तळ द्या.

80 पौंडांच्या पोत्यातून 0.6 घनफूट काँक्रीट होतं. नळी 6 इंच जमिनीवर ठेवून खांबामागे साधारण सात पोती, एकूण 42. तीन-चार जास्तीची आणा. सगळं मिळून एक घनयार्डही होत नाही, त्यामुळे तयार काँक्रीटचा ट्रक महागात पडेल. मिक्सर भाड्याने घ्या. हातगाडीत कालवायचा विचारही नको.

पहार:
थंडीत जमीन फुगून पाया वर उचलते. पण मातीतलं पाणी गोठून फुगतं, एवढ्यावर हा त्रास थांबत नाही. पोयटा खालून ओल ओढत राहतो आणि मातीत बर्फाचे पापुद्रे जाड होत जातात. वर उचलली जाणारी ती गोठलेली माती काँक्रीटच्या बाजूंना घट्ट धरते. म्हणून तळ 42 इंचांवर असूनही खांब वर आलेले दिसतात.

त्यावर उपाय तीन. नळी जमिनीच्या वरपर्यंत न्या म्हणजे बाजू गुळगुळीत राहते. तळ रुंद ठेवा, तो खाली नांगरासारखा धरतो. आणि तळापासून वरपर्यंत अर्ध्या इंची चार सळया घाला, नाहीतर वरून ओढ बसली की काँक्रीट रुंद तळाच्या जरा वर तुटतं. सर्वात जास्त चूक तोंडाशी होते: नळीबाहेर सांडलेलं काँक्रीट तिथेच थापून ठेवतात, त्याची छत्री होते आणि बर्फ तिलाच खालून उचलतो. सांडलं तर लगेच खरवडून काढा.

गारठलेला:
24 इंची तळासाठी एवढा रुंद खड्डा करायचा?

पहार:
प्लॅस्टिकचा तयार साचा वापरलात तर हो. मग भोवतीची माती सहा-सहा इंचांच्या थरांनी धुम्मसाने ठोकून भरा. नाहीतर 12 इंची ऑगरने (जमिनीत भोक पाडायच्या यंत्राने) भोक पाडून तळाशी पहारीने बाजू कोरा. चिकणमाती उभी राहते, वाळू ढासळेल. भोकाच्या तळाची भुसभुशीत माती हाताने काढाच, ती ठेवून ओतलं की पाया खचतो. ऑगर दोघांनी धरायचा, दगड लागला की हिसका बसतो.

ओळंबा:
खोदण्याआधी 811 ला, म्हणजे जमिनीखालच्या लाइनी दाखवणाऱ्या सेवेला, फोन करा, निदान दोन कामाचे दिवस आधी. त्यांची माणसं गॅस-विजेच्या लाइनींवर खुणा करून जातात. परमिट असेल तर रिकामी भोकं इन्स्पेक्टरला दाखवल्याशिवाय ओतू नका.

लाकूड काँक्रीटमध्ये पुरू नका, कुजतं. ओल्या काँक्रीटमध्ये बोल्ट बसवा आणि खांब एक इंच वर धरणारा लोखंडी जोडा लावा. तो जोडा खांबाला डोलण्यापासून रोखत नाही, म्हणून खांब आणि तुळई यांच्यामध्ये दोन्ही दिशांनी तिरके टेकू हवेतच.