मदत हवी आहे : प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट ९ दिवसांत कसं बसवू?

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन हॅब्सबर्ग राजघराण्याच्या जुन्या साम्राज्यातली ही तीन शहरं बघायचा बेत आहे. बाबा इतिहासाचे शिक्षक होते. व्हिएन्नातल्या कापुचिन चर्चखालच्या राजघराण्याच्या शवपेट्या, आणि १६१८ साली बादशहाच्या कारभाऱ्यांना प्रागच्या किल्ल्यातल्या ज्या खिडकीतून खाली फेकलं ती खिडकी, त्यांना बघायचीच आहे. (आईला फक्त केक!)

बुडापेस्ट ते प्राग रेल्वेने सात तासांच्या आसपास लागतात आणि आईचे गुडघे दुखतात. म्हणून व्हिएन्नाचा मुक्काम दोन्हींच्या मधे ठेवून प्रागपासून सुरुवात करावी का? व्हिएन्नातल्या शोनब्रुन राजवाड्याला अर्धा दिवस पुरेल? कोरुना (चेक चलन), फोरिंट (हंगेरीचं चलन) इथूनच न्यावेत की कार्डावर भागतं? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी जरूर सांगा.