ब्रेकव्हॅनला द्यायचं की सीटखाली कोंबायचं? : तुमचे सामानाचे अनुभव

मृण्मयी_एस
लेकीला दिल्लीत नोकरी लागलीय. मिरजेहून गोवा एक्सप्रेस, थर्ड एसी. रात्री बसली की मधला एक अख्खा दिवस, मग तिसऱ्या दिवशी सकाळी निजामुद्दीन. सामान म्हणाल तर दोन मोठ्या बॅगा, सॅक, पेटी (ती सोडून जायला बाईसाहेब तयार नाहीत) आणि मी भरून दिलेलं, ज्याला ती 'तुझं किराणा दुकान' म्हणते. नवऱ्याचं म्हणणं, सगळं सीटखाली मावतं. माझं म्हणणं, जड ते ब्रेकव्हॅनला (गार्डाच्या डब्यातल्या सामानाच्या जागेत) बुक करावं. लेकीचं म्हणणं, दोघांनी गप्प बसावं.

या भांडणात माळ्यावरून बाबांची काळी ट्रंक खाली काढली आणि काम राहिलं बाजूला. १९९१ साली बाबांची बँकेतली बदली सांगलीहून जबलपूरला झाली. व्हरांड्यात बादली उपडी घालून ते बसलेले, हातात पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि माझा चित्रकलेचा ब्रश. ट्रंकेवर आडनाव, खाली 'सांगली ते जबलपूर'. फूटपट्टी लावून अक्षरं काढली तरी शेवटचा 'र' मावेना. तो कडीच्या वर एकटाच लटकलाय. अजून आहे.

ट्रंक ब्रेकव्हॅनला दिली. आईने मात्र देव्हाऱ्यातले देव आणि मिक्सर स्वतःच्या मांडीजवळ ठेवले, रात्रभर. बाबा म्हणाले, देवांना तरी बुक करायचं होतं. जबलपूरला ट्रंक सुखरूप उतरली, उघडली तर आत कैरीच्या लोणच्याची बरणी कलंडलेली. आईचा शालू, माझे दाखले, सगळं पिवळं. माझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकाला अजून हिंगाचा वास येतो.

तर सांगा, तुम्ही काय करता? आणि कधी काय फजिती झाली?

शेंगदाणा_चटणी
पहिली मीच! आम्ही कधी बुक केलं नाही. चार माणसं, अकरा डाग. चढताना मोजायचे, उतरताना मोजायचे, आणि दोन्ही वेळा आकडा वेगळा 😄

राजापूरकर
पेटी ब्रेकव्हॅनला अजिबात देऊ नका. उन्हाळ्यात तो डबा भट्टी असतो. निजामुद्दीनला पोचेपर्यंत वरचा थर काळा पडलेला असेल. किती डझनाची आहे?

मृण्मयी_एस
अहो हार्मोनियम!! 😂

राजापूरकर
अरे देवा. मे महिन्यात 'पेटी' म्हटल्यावर कोकणी माणसाने दुसरं काय समजायचं? तरी सल्ला तोच. भट्टीत सूरही पिकतील.

खडूस_काका
साखळीचा किस्सा. नागपूरहून चेन्नईला जात होतो, स्लीपर. फलाटावर नवी कोरी साखळी-कुलूप घेतलं, दोन्ही बॅगा सीटखालच्या कडीला बांधल्या, खेचून बघितलं, झकास. समोरच्या मद्रासी आजोबांनाही दाखवलं, असं बांधायचं म्हणून. किल्ली हरवू नये म्हणून बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवली. चेन वर ओढली.
आता परत वाचा.
बल्लारशा गेल्यावर लक्षात आलं की किल्ली बॅगेत, आणि बॅगेच्या दोन्ही चेनची टोकं अडकवलीत त्याच कुलुपात. टॉवेल आत, ब्रश आत, डबा आत. आजोबांनी इडली दिली. चेन्नईला सफाईवाल्या पोराने कुठूनतरी हॅक्सॉ आणली. शंभर रुपये घेतले त्याने, आणि हसण्याचे वेगळे लावायला हवे होते.

शेंगदाणा_चटणी
😂😂 कुकरला दोन शिट्ट्या जास्त झाल्या हे वाचताना

ब्रेकव्हॅन_आजोबा
नमस्कार. एकतीस वर्षं लगेज-पार्सलला काढली, म्हणून जरा लांबण लावतो.
ताई, थर्ड एसीच्या तिकिटावर ४० किलो फुकट. स्लीपरलाही ४०, सेकंड एसीला ५०, फर्स्ट एसीला ७०. पण मेख अशी की स्लीपरवाला जादा पैसे भरून ८० किलोपर्यंत डब्यात नेऊ शकतो, थर्ड एसीत मात्र कमाल मर्यादाही ४०च. त्यावरचं ब्रेकव्हॅनलाच. बुक केलं तर जादा वजनाला दीडपट दर, न करता पकडलं तर सहापट. रोज कोणी काटा घेऊन फिरत नाही हे मलाही माहीत आहे, तुम्ही सांगू नका.
ट्रंक नेणार असाल तर मापही बघा. बाकी डब्यांत १००×६०×२५ सेंटिमीटर चालतं, थर्ड एसीत ५५×४५×२२.५ एवढंच.
गाडी सुटायच्या निदान अर्धा तास आधी सामान काउंटरला हवं असा नियम आहे, तुम्ही दीड-दोन तास आधी जा. तिकीट दाखवायचं, वजन, पैसे, पावती. तिकडे पावतीशिवाय मिळत नाही. पोचल्यावर लगेच सोडवा, नाहीतर वार्फेज, म्हणजे सामान पडून राहिल्याचं भाडं, चढतं. छोट्या स्टेशनावर उतरणार असाल तर आधी चौकशी करा, दोन मिनिटांच्या थांब्यात ब्रेकव्हॅनमधून काही काढणं म्हणजे सर्कस.
आणि सगळ्यात महत्त्वाचं, जुनी नावं खोडा. सामान चुकीच्या गावी जातं त्यात निम्मा दोष मालकाचा. एकाच ट्रंकेवर तीन गावं असली तर रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात हमाल कुठलं गाव वाचणार?

फौजीण
आजोबांच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडून कडक सॅल्यूट. एकवीस वर्षांत अकरा बदल्या, काळ्या ट्रंका चौदा. एकीवरचं 'झाशी' खोडायचं राहिलं. आम्ही उतरलो अंबाल्याला, ट्रंक झाशीला! तिच्यात काय, तर सगळ्यांचे लोकरीचे कपडे. डिसेंबर. नऊ दिवस शेजारणीच्या नवऱ्याच्या जर्सीत काढले, बाहीत दोन हात मावायचे.
तेव्हापासून नियम: बाहेर एकच पत्ता, आतही कागदावर नाव-पत्ता-फोन, आणि ट्रंकेच्या झाकणाचा फोटो. बाहेरचं लेबल फाटलं तरी आतला कागद बोलतो.
आणि लोणचं ब्रेकव्हॅनला?? मृण्मयी, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

मृण्मयी_एस
सांगते. ती म्हणते बरणी बाबांनी ठेवली होती. बाबा असते तर उलट म्हणाले असते.

बुलेट_आणि_बुद्धी
सीटखाली न मावणारी वस्तू: बाईक. लडाखला जायचं म्हणून गाडी जम्मूला पाठवायची ठरली. आरसीची झेरॉक्स, टाकी रिकामी (पेट्रोल पॅकिंगवाल्याने बाटलीत काढलं, ती बाटली मी परत पाहिली नाही), गोणपाट, पेंढा, सुतळी. हँडलला नि सीटला पुठ्ठ्यावर पत्ता. गाडी अशी गुंडाळली की आईने बघितली असती तर रडली असती.
आम्ही पोचलो, गाडी नाही. ब्रेकव्हॅन भरली म्हणून चढलीच नव्हती. स्टेशनचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. तीन दिवस लॉजवर पत्ते कुटले. चौथ्या दिवशी आली तेव्हा एक आरसा गायब, लेगगार्ड आत दबलेलं. सुटीचे तीन दिवस गेले ते गेलेच.
धडा: बाईक आधी पुढे पाठवा, आपण मागून जा. सोबत न्यायच्या फंदात पडू नका.

खडूस_काका
आरसा नसेल तर मागे वळून बघू नये. पुढे जावं.

बुलेट_आणि_बुद्धी
काका, तुम्ही किल्ली शोधा आधी.

गारगोटी
आमचा अनुभव सजीव सामानाचा आहे. मोती, लॅब्राडोर, ३२ किलो. फर्स्ट एसीचं कूपे (दोघांची बंद खोली) मिळालं असतं तर सोबत नेता आला असता, मिळालं नाही. मग गार्डाच्या डब्यातला कुत्र्यांचा खण. लसीकरणाचा दाखला बरोबर घेतला होता. तो लोखंडी खण बघून माझ्याच पोटात गोळा आला. मोती आत जाऊन गोल फिरला आणि पायांवर डोकं टाकून बसला. ओरडला नाही, तेच जास्त लागलं.
मग काय, प्रत्येक मोठ्या थांब्यावर नवरा पाण्याची बाटली नि दहीभाताचा डबा घेऊन सोळा डबे मागे धावत. एका ठिकाणी गाडी हलली आणि हा पठ्ठ्या गार्डाच्याच डब्यात अडकला. (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून, तेव्हा गार्डच होते.) पुढच्या स्टेशनापर्यंत दीड तास. गार्डसाहेब कडक, पण शेवटी स्वतःच्या डब्यातली पोळी त्यांनीच मोतीला घातली. नवऱ्याला नाही विचारलं.

शेंगदाणा_चटणी
मोती कसा आहे आता?

गारगोटी
गेला गं, दोन वर्षं झाली. चौदा वर्षांचा होऊन गेला.

शेंगदाणा_चटणी
अरेरे 🙏

शिकागोची_सई
इकडची कथा. ॲमट्रॅकवर (अमेरिकेतली प्रवासी रेल्वे) दोन बॅगा फुकट चेक-इन करता येतात, प्रत्येकी ५० पाउंडांच्या आत, म्हणजे साधारण २३ किलो. गाडी सुटायच्या ४५ मिनिटं आधी काउंटरला द्यायच्या. सगळ्या स्टेशनांवर ही सोय नाही. आम्ही शिकागोहून कॅलिफोर्निया झेफिर या गाडीने कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला निघालो, दोन रात्री, सासू-सासरे सोबत. रूमेट नावाची खोली म्हणजे आपल्या देवघराएवढी, बॅग आत नेली तर माणूस बाहेर. म्हणून मी हुशारीने मोठ्या दोन्ही चेक-इन केल्या.
रात्री आठला सासूबाई म्हणाल्या, दशम्या काढ. दशम्या त्या बॅगेत. स्वेटर त्याच बॅगेत. सासऱ्यांचा अडकित्ता पण. मी सांगितलं, आता थेट उतरल्यावरच मिळेल. त्या पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग, "आपल्याच गाडीत आपलीच बॅग, आणि हात लावायची चोरी!"
डेन्व्हरनंतर गाडी रॉकी पर्वतात चढायला लागली, बाहेर बर्फ, लोक काचेच्या डब्यात फोटो काढतायत, आणि आमच्या सासूबाई माझं जॅकेट घालून पावाला जॅम लावून खातायत. जिंकल्या त्याच. आजही पाहुण्यांसमोर हीच गोष्ट निघते.

राजापूरकर
अडकित्ता बुक केला आणि सुपारी जवळ ठेवली? भारी.

फौजीण
@राजापूरकर, पेटीचं म्हणालात, यंदा पाच डझन काय भावाने?

राजापूरकर
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला. इथे भाव सांगितला तर धागा भरकटेल.

खडूस_काका
धागा कधीच कसाऱ्याचा घाट उतरलाय.

पेटीवाला_पंडित
हार्मोनियमबद्दल खरंच सांगतो. भाते बंद करून पट्टा लावा, स्वरपट्ट्यांवर जाड टर्किश टॉवेल, मग लाकडी खोक्यात. डब्यात न्या, आणि उभी ठेवू नका. आदळली की आतली पत्ती हलते, मग एखादा स्वर नुसता फुसफुसतो. माझा कोमल निषाद असाच गेला, हमालाने डोक्यावरून उतरवताना. चूक माझीच, मीच म्हटलं होतं 'जरा पटकन'.

मृण्मयी_एस
सगळ्यांचे आभार, आज जेवणाच्या टेबलावर सगळं वाचून दाखवलं. नवरा काकांच्या साखळीवर एवढा हसला की ताक सांडलं.
ठरलं असं: पेटी तिच्या बर्थवर, डोक्याशी. एक बॅग नि सॅक सीटखाली. दुसऱ्या बॅगेला सुट्टी, तिच्यातले कपडे, पुस्तकं, कुकर आणि किराणा दुकान ट्रंकेतून ब्रेकव्हॅनला. हो, बाबांच्याच. आजोबांनी मापं दिल्यावर टेप लावला, उंची ३६ भरली, म्हणजे डब्यात न्यायचा प्रश्नच मिटला. लेकीला खोलीत टेबल म्हणूनही हवीय ती. लोणचं जाणार नाही. चटण्या जातील, कोरड्या.
आता अडचण एकच. कालपासून टर्पेंटाइन घासतेय, 'सांगली' पुसट झालं, 'जबलपूर' काही केल्या जात नाही. कडीवरचा तो 'र' तर जसाच्या तसा. काय लावू?

बुलेट_आणि_बुद्धी
थिनर. पण हातमोजे घाला.

ब्रेकव्हॅन_आजोबा
थिनरने खालचा रंगही उडेल. घासत बसू नका ताई. त्यावर काळ्या रंगाचे दोन हात मारा, रात्रभर वाळू द्या, आणि नवं गाव मोठ्या अक्षरांत. आधी खडूने आखून घ्या म्हणजे जागा पुरेल.

मृण्मयी_एस
'ह. निजामुद्दीन' केवढं लांब आहे हो आजोबा.

खडूस_काका
'न' कडीवर घ्या.