प्रतिसाद: आधी एक्स्टेंडरची जागा बदला

परसाकडच्या खोलीत एक्स्टेंडर (राउटरचं वायफाय पुढच्या खोल्यांत पोचवणारा डबा) लावलाय, मोबाईलवर कांड्या पूर्ण दिसतात तरी व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो, असं खानापूरच्या दादांनी लिहिलंय. दादा, त्या कांड्या एक्स्टेंडर ते मोबाईल एवढ्याच अंतराच्या. राउटरकडून एक्स्टेंडरलाच धड सिग्नल मिळत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तो उचला आणि माजघरात लावा, जिथं राउटरचा सिग्नल अजून बरा आहे.

आपल्याकडच्या जुन्या घरांत जांभ्याच्या जाड भिंती. वायफायच्या दोन नेहमीच्या पट्ट्यांपैकी (बँड) ५ गिगाहर्ट्‌झ तिथं लगेच मान टाकतं, २.४ जरा पुढं पोचतं. पण स्वस्तातला सिंगल बँड (एकाच पट्ट्यावर चालणारा) एक्स्टेंडर सिग्नल त्याच एका रेडिओवर घेतो आणि त्याच्यावरच पुढं देतो, त्यामुळं वेग साधारण निम्म्यावर येतो. व्हॉट्सॅप, पैसे पाठवणं एवढ्याला पुरे. घरून काम करणाऱ्यानं मात्र त्याच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत.

त्यापेक्षा एक्स्टेंडरला लॅन पोर्ट (नेटची केबल लावायची खाच) आहे का बघा. असेल तर राउटरपासून केबल ओढा आणि सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड निवडा, म्हणजे केबलनं आलेलं नेट तो वायफायनं पुढं देईल. केबल १०० मीटरपर्यंत चालते, शहापुरातलं लांबलचक घरसुद्धा त्यात बसतं. वायरमनला भोक पाडायला लावावं लागेल, घरची मंडळी कुरकुरतील, ते तुमचं तुम्ही बघा!

आणि प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. नाहीतर लाइट गेली की राउटर चालू, मागची खोली बंद.