रोजचं वर्णन सहज इंग्रजीत कसं करता? अनुभव लिहा

पाऊस, रस्ता, दुखणं, चव... इंग्रजीत सांगताना व्याकरण चोख असतं, तरी वाक्य ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं. सातारा-सांगलीकरांनो, नेमके शब्द कुठे सापडले ते लिहा. सुरुवात मी करते.

कास रस्त्यावर आमचं होमस्टे आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात पाहुणे आधी हवामान विचारतात. जोराचा पाऊस ‘हेवी रेन’, पण जोराचा वारा ‘स्ट्राँग विंड’ आणि दाट धुकं ‘थिक फॉग’. विशेषणांच्या या जोड्या ठरलेल्या असतात. ब्रिटिश हवामान अंदाज वाचत गेले तशा त्या तोंडात बसल्या. ‘सनी स्पेल्स’, ‘पॅची फॉग’ तिथलेच. फुलांचं म्हणाल तर ‘ब्यूटिफुल’ने काहीच कळत नाही. सीतेच्या आसवांसाठी मी ‘टायनी पर्पल फ्लॉवर्स ऑन वेट रॉक’ एवढंच लिहिते. आधी आकार, मग रंग. ‘पर्पल टायनी’ कानाला खटकतं.

मिरजेहून : मी नर्स आहे. पेशंटची मुलं परदेशातून फोन करतात, तिथल्या डॉक्टरांनाही विचारायचं असतं. आपले पेशंट किती बारकाईने सांगतात बघा: ठणकतंय, कळ येतेय, चमक मारतेय, मुंग्या आल्यात. ‘टू मच पेन’ म्हटलं की हे सगळं एकाच पोत्यात जातं. ठणक्याला ‘थ्रॉबिंग’, चमकेला ‘शूटिंग पेन’, बारीक दुखत राहिलं तर ‘डल एक’ (dull ache), मुंग्यांना ‘पिन्स अँड नीडल्स’. मी पेशंटला आधी मराठीतच खोदून विचारते. दुखणं नीट कळल्याशिवाय इंग्रजी शब्द निवडायचाच नाही, या मताची मी आहे.

सांगली, हळदीचा व्यापार : हळकुंडाला ‘टर्मरिक फिंगर’, गड्ड्याला ‘बल्ब’. डिक्शनरी उघडू नका, खरेदीदाराच्या मेलमधलेच शब्द उचला.

कराडहून : ‘टुडे मॉर्निंग’, ‘बॅकसाइड ऑफ द हाउस’ आपल्यात खुशाल चालू द्या, ते आपलं इंग्रजी आहे. बाहेरच्यांशी बोलताना ‘धिस मॉर्निंग’, ‘बिहाइंड द हाउस’. शंका आली तर पूर्ण शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाकून शोधा. किती निकाल आले ते मोजत बसू नका, कोण कुठल्या प्रसंगी तसं लिहितंय ते वाचा.

सातारा : कंदी पेढ्याला ‘व्हेरी टेस्टी’ म्हणणं सोडा. खवा खरपूस भाजलेला असतो, तेच सांगा: ‘मिल्की, स्लाइटली ग्रेनी, अ बिट कॅरमलाइज्ड’. माझ्या गिऱ्हाइकांना एवढं पुरतं.